कशावरून? लहान मुलांचा तर्क घरच्या घरी वाढवण्यासाठी

चार वर्षांची मुलगी खेळून घरी येते, दाराशी मोठ्या चपला दिसतात आणि ती ओरडते, "आजोबा आले!" आजोबा दिसलेले नाहीत, त्यांचा आवाजही ऐकू आलेला नाही. जे समोर आहे त्यावरून जे समोर नाही ते तिनं ओळखलं. तर्क म्हणतात तो हाच, आणि तो तिच्याकडे आहे.

आपण बहुतेक वेळा "हो, आलेत, जा आत" म्हणतो आणि विषय संपतो. त्याऐवजी विचारून बघा, "कशावरून गं?" ती थांबते, मागे वळून बघते. "ह्या त्यांच्या चपला." मग जरा अडवा: "शेजारच्या काकांच्या असतील तर?" ती वाकून बघते. "नाही, आजोबांच्या चपलेचा पट्टा शिवलेला आहे. हा बघ." अर्ध्या मिनिटात तिनं पुरावा दिला, शंका ऐकली आणि त्या शंकेचं उत्तरही शोधलं.

या लेखातली प्रत्येक पायरी या एका प्रश्नाशी जोडलेली आहे. घरात तीन ते आठ वर्षांचं मूल आहे आणि सुरुवात कुठून करावी कळत नाही, अशा आई-बाबांसाठी, आजी-आजोबांसाठी आणि बालवाडीत नव्यानं रुजू झालेल्या ताईंसाठी हे लिहिलं आहे. 2020च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंही तीन ते आठ हा वयोगट शिक्षणाचा पायाभूत टप्पा म्हणून एकत्र धरला आहे. पायऱ्या सोप्याकडून अवघडाकडे जातात. पुढची सुरू केली म्हणून मागची सोडायची नाही.

विकत काही आणायचं नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीत आणि पुढे कोसबाडला आदिवासी मुलांसाठी बालशिक्षणाचं काम उभं केलं, तेव्हा शिंपले, बिया, पानं, खडे असं परिसरातलंच साहित्य मुलांच्या हाती दिलं. आपल्या स्वयंपाकघरात त्याहून जास्त सामान आहे.

पायरी 1: मूल कसा विचार करतं ते आधी बघा

एकसारखे दोन पेले घ्या आणि दोन्हींत सारखं पाणी भरा. सारखं आहे ना, असं मुलाला विचारा. त्यानं हो म्हटलं की त्याच्यासमोरच एका पेल्यातलं पाणी उंच, अरुंद ग्लासात ओता. आता कशात जास्त? चार-पाच वर्षांची बहुतेक मुलं उंच ग्लासाकडे बोट दाखवतात. स्विस मानसशास्त्रज्ञ झां पियाजे (1896–1980) यांचा हा प्रयोग. साधारण सातव्या वर्षाच्या आसपास मूल आपणहून म्हणायला लागतं, "तेच तर पाणी आहे, नुसतं ओतलंस."

याचा अर्थ एवढाच, की लहान मूल एका वेळी एकच बाजू पकडतं. पाण्याची उंची पकडली की रुंदी निसटते. त्याला "अरे, सारखंच आहे" असं दहा वेळा सांगून काही होत नाही. ओतू द्या, परत पहिल्या पेल्यात ओतू द्या, सांडू द्या. आंघोळीच्या वेळी दोन-तीन वेगळ्या आकारांची भांडी दिलीत तरी पुरे.

या प्रयोगांना पुढे एक महत्त्वाची पुस्ती जोडली गेली, आणि पालकांच्या ती मूळ प्रयोगापेक्षाही जास्त कामाची आहे असं मला वाटतं. 1970च्या दशकात मार्गारेट डोनाल्डसन आणि जेम्स मॅकगॅरिगल यांनी असाच एक प्रयोग सोंगट्यांच्या दोन रांगांवर केला. दोन्ही रांगांत सोंगट्या सारख्याच होत्या. मोठ्या माणसानं एक रांग लांब पसरून "आता सारख्या आहेत का?" असं पुन्हा विचारलं की बरीच मुलं "नाही" म्हणत. मग त्यांनी एक खट्याळ टेडी आणला. त्यानं येऊन रांग विस्कटली. तेव्हा कितीतरी जास्त मुलांनी "सारख्याच आहेत" असं बरोबर उत्तर दिलं. सोंगट्या त्याच, मुलंही त्याच वयाची. पण मोठं माणूस मुद्दाम काहीतरी बदलतं आणि तोच प्रश्न पुन्हा विचारतं, तेव्हा मुलाला वाटतं की उत्तर बदलायला हवं असणार.

म्हणून पहिला नियम: उत्तर मिळाल्यावर तोच प्रश्न पुन्हा विचारू नका. "नक्की?" असं भुवया उंचावून विचारलं की मूल विचार सोडतं आणि आपला चेहरा वाचू लागतं. प्रश्न पुढे न्यायचा असेल तर "कशावरून?" विचारा, आणि उत्तर बरोबर असतानाही विचारा. फक्त चुकीच्या उत्तरानंतर विचारत गेलात तर मूल आठवड्यात ओळखतं, की हा प्रश्न आला म्हणजे आपलं चुकलं.

पायरी 2: वेगळं करणं (तीन वर्षांपासून)

वाळलेले कपडे दोरीवरून काढून आणले की मुलाला मध्ये बसवा. आधी माणसांप्रमाणे ढीग: आईचे, बाबांचे, ताईचे. झालं की सगळं परत एकत्र करा आणि नियम बदला: आता मोठे इकडे, छोटे तिकडे. मग रंगाप्रमाणे.

खरं काम नियम बदलताना होतं. मानसशास्त्रातला पत्त्यांचा एक प्रसिद्ध प्रयोग आहे. तीन वर्षांच्या मुलाला आधी रंगाप्रमाणे पत्ते लावायला सांगतात, मग आकाराप्रमाणे. नवा नियम त्याला तोंडानं सांगता येतो, पण हात जुन्याच नियमाप्रमाणे चालतो. पाच वर्षांची बहुतेक मुलं सहज बदल करतात. तेव्हा तीन वर्षांच्या मुलाचा हात अडखळला तर तो हट्ट नाही. नियम पुन्हा मोठ्यानं म्हणा, एक कपडा तुम्ही ठेवून दाखवा आणि पुढे जा.

हे जमलं की नकार आणा. "मोजे नसलेलं काहीतरी दे." "जे लाल नाही ते दे." मग "आणि": "लाल आणि छोटं." मग "किंवा": "लाल किंवा छोटं." "किंवा"ला मुलं बराच वेळ गोंधळतात. छोटा लाल मोजा दिला तर चालेल का, यावर वाद घालू द्या.

मग भाजीच्या टोपलीतला एक प्रश्न. टोपलीत पाच बटाटे आणि दोन वांगी आहेत. विचारा, "बटाटे जास्त की भाज्या जास्त?" पाच वर्षांचं मूल ठामपणे सांगेल, "बटाटे." ते बटाट्यांची तुलना वांग्यांशी करतंय, कारण बटाटा एकाच वेळी बटाटाही आणि भाजीही हे मनात धरून ठेवणं कठीण असतं. समजावत बसू नका. "मला सगळे बटाटे दे," मोजा, परत ठेवा. "आता मला सगळ्या भाज्या दे," मोजा. "भाज्यांत बटाटे घेतलेस का? का घेतलेस?" पुढच्या महिन्यात पुन्हा विचारा, तेव्हा टोपलीत आंबे असतील.

सगळ्यात चांगला खेळ मात्र गुप्त नियमाचा. मूल मनाशी एक नियम ठरवतं आणि स्वयंपाकघरातल्या वस्तूंचे दोन ढीग करतं. झारा, चिमटा, उलथनं एकीकडे आणि वाटी, ताटली, फुलपात्र दुसरीकडे. नियम ओळखायचा आपण. मुलाचा नियम भलताच निघतो: "हे वाजतं आणि ते वाजत नाही." वाजवून बघा. एखादी वस्तू चुकीच्या ढिगात निघाली तर मूल स्वतःच तिची जागा बदलतं किंवा नियम दुरुस्त करतं. दोन्ही चालेल.

एक सावधगिरी. वाटाणे, छोले, शेंगदाणे, बटणं अशा बारीक वस्तू तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती देऊ नका. घशात अडकतात, नाका-कानात जातात. घरात धाकटं रांगतं मूल असेल तर मोठ्याच्या खेळालाही चमचे, झाकणं, मोजे असंच सामान ठेवा.

पायरी 3: आधी काय, मग काय

पोहे करताना मुलाला ओट्यापासून लांब, पण दिसेल असं बसवा आणि क्रम त्याला सांगू द्या. पोहे भिजवले, कांदा चिरला, फोडणी झाली, पोहे टाकले, वाफ आणली. मग विचारा, "फोडणीत आधी कोरडे पोहे टाकले आणि मग पाणी ओतलं तर?" आणि लगेच दुसरा प्रश्न: "वरून आधी खोबरं घातलं आणि मग कोथिंबीर, तर?" इथे काही बिघडत नाही. काही गोष्टींचा क्रम बदलता येतो, काहींचा येत नाही, हे ओळखणं ही मोठी समज आहे. शाळेची तयारी करतानाही ती दिसते. मोजे बुटांच्या आधीच घालावे लागतात, पण शर्ट आधी की पँट आधी, यानं फरक पडत नाही. पाच वर्षांच्या मुलाला अशी आणखी उदाहरणं शोधायला सांगा. दिवसभर सुचत राहतील.

नक्षीचं काम सणांमध्ये आयतं मिळतं. दसऱ्याचं तोरण ओवताना झेंडू, झेंडू, पान. झेंडू, झेंडू, पान. पुढे काय येईल, हा प्रश्न लवकर सोपा होतो. मग मधलं एक फूल झाका आणि विचारा. मग मुद्दाम एक चूक करून शोधायला लावा. त्यानंतर तीच नक्षी दुसऱ्या रूपात आणा: टाळी, टाळी, चुटकी. तोरण आणि टाळ्या यांत काय सारखं आहे हे ज्या दिवशी मूल सांगेल, त्या दिवशी त्याला नक्षीचा सांगाडा दिसू लागला असं समजा. बीजगणिताची वाट इथूनच जाते.

पायरी 4: का झालं? आणि नसतं झालं तर?

चिऊ-काऊची गोष्ट प्रत्येक घरात सांगितली जाते. काऊचं घर शेणाचं, चिऊचं घर मेणाचं. मोठा पाऊस आला आणि काऊचं घर वाहून गेलं. आपण पुढे "चिऊताई चिऊताई, दार उघड"वर जातो. एकदा इथेच थांबा. चिऊचं घर का नाही गेलं? शेण नसेल तर वाळलेल्या मातीचा गोळा आणि मेणबत्तीचा तुकडा नळाखाली धरून बघा. आता पुढचा प्रश्न: पावसाऐवजी कडक ऊन पडलं असतं तर? मेणाचा खडू दुपारच्या उन्हात ठेवा आणि तासानं बोट लावून बघा. मग विचारा, कुणाचं घर जास्त चांगलं? "पावसात चिऊचं, उन्हात काऊचं" असं उत्तर आलं तर ते गोष्टीच्याही पुढे गेलं. प्रत्येक गोष्टीत अशी एखादी जागा असते. गोष्टीचा ओघ मात्र रोज तोडू नका. कधीतरी नुसती गोष्टच सांगावी.

आता या वयातला माझा सगळ्यात आवडता प्रयोग, बुडतं की तरंगतं. परातीत किंवा टबात पाणी घ्या. एक नाणं, स्टीलचा चमचा, स्टीलची वाटी, लाकडी लाटणं, प्लॅस्टिकचं झाकण, एक संत्रं गोळा करा. पाण्यात काही टाकण्याआधी मुलाला दोन ढीग करायला लावा: हे बुडेल, हे तरंगेल. प्रत्येक वस्तूला कशावरून? बहुतेक मुलं सांगतात, "जड असतं ते बुडतं."

मग एकेक वस्तू टाका. नाणं बुडालं, झाकण तरंगलं. नियम बरोबर वाटतो. आता चमचा आणि वाटी. दोन्ही स्टीलची, आणि वाटी जास्त जड. चमचा बुडतो, वाटी अलगद ठेवली तर तरंगते. उन्हाळ्यात घरात कलिंगड आलं असेल तर तेही टबात सोडा. मुलाला उचलवत नाही एवढं कलिंगड तरंगतं आणि एवढंसं नाणं तळाशी जातं. मुलाचा चेहरा बघण्यासारखा होतो. नियम त्याचा होता आणि तो त्याच्याच डोळ्यांसमोर मोडला. इथे घनता वगैरे काही सांगू नका. फक्त विचारा, "आता तुझा नियम काय?" कुणी म्हणेल, पोकळ तरंगतं. कुणी म्हणेल, फळं तरंगतात. मग संत्रं टाका, तरंगेल. तेच सोलून टाका, बहुतेक वेळा बुडेल. पुन्हा नियम बदला. आठ वर्षांपर्यंत अचूक नियम मिळाला नाही तरी काही बिघडत नाही. नियम करायचा, ताडून बघायचा, मोडला तर सुधारायचा, एवढं अंगवळणी पडलं की काम झालं.

पाण्यापाशी लहान मुलाला क्षणभरही एकटं सोडू नका. बादलीभर पाणीही धोक्याचं असतं.

सहा वर्षांपुढच्या मुलांसाठी मटकीचा प्रयोग करा. मोड यायला काय लागतं? मूल म्हणेल पाणी. कुणी म्हणेल अंधार, कारण आजी मटकी फडक्यात बांधून ठेवते. चार वाट्या घ्या: कोरडी मटकी उजेडात, कोरडी अंधारात, भिजवलेली उजेडात, भिजवलेली अंधारात. भिजवलेल्या दोन्ही ओल्या राहतील हे बघा. एक-दोन दिवसांत ओल्या दोन्ही वाट्यांत मोड येतील आणि कोरड्या दोन्ही तशाच राहतील. मग विचारा: फक्त ओली-अंधारातली आणि कोरडी-उजेडातली अशा दोनच वाट्या ठेवल्या असत्या तर आपल्याला काय कळलं असतं? हा प्रश्न अवघड आहे, मोठ्यांनाही. दोन गोष्टी एकदम बदलल्या की नेमकी कशामुळे फरक पडला ते सांगता येत नाही. हे सात-आठ वर्षांचं मूल स्वतः वाट्या मांडून पकडू शकतं.

याच वयात मूल योगायोगाला कारण समजू लागतं. "मी निळा शर्ट घातला म्हणून आम्ही जिंकलो." हसू नका. "निळा शर्ट घालूनही हरलात असं कधी झालंय? न घालता जिंकलात असं?" आठवत नसेल तर भिंतीवरच्या कॅलेंडरवर महिनाभर खूण करायला सांगा. मांजर आडवं जाणं, शिंक येणं याबद्दल घरात काही ऐकलं असेल तर त्यालाही हीच पद्धत. कुणाला खोडून काढायची गरज पडत नाही, कॅलेंडरच दाखवतं.

पायरी 5: खुणांवरून ओळखणं

आपल्याकडे कोडी घालण्याची परंपरा भरभक्कम आहे. "बत्तीस चिरे, त्यात नागीण फिरे." मुलाला दात आणि जीभ सुचली की लगेच पुढचं कोडं घालू नका. "कुठल्या शब्दावरून ओळखलंस?" बत्तीसवरून की फिरण्यावरून? "खरी नागीण का नाही?" त्यानंतर मुलाला स्वतः कोडं रचू द्या, तीन खुणांचं. पहिल्या प्रयत्नात मुलं अशी खूण देतात जी शंभर गोष्टींना लागू पडते: "ते गोड असतं." तेव्हा आपण भलतंच, पण खुणेत बसणारं उत्तर द्यावं: "साखर? बासुंदी? ऊस?" मुलाला वैताग येतो आणि मग ते नेमकी खूण शोधतं. खूण म्हणजे काहीतरी वगळणारी गोष्ट, हे त्याला अशा वैतागातूनच कळतं.

मनातली वस्तू ओळखण्याचा खेळ सहाव्या वर्षापासून सुरू करा. ताटात आठ वस्तू ठेवा: लिंबू, टोमॅटो, चमचा, किल्ली, पेन, लाल खडू, केळं, कंगवा. एकानं मनात एक धरायची. दुसऱ्यानं फक्त "हो" किंवा "नाही" असं उत्तर येईल असे प्रश्न विचारायचे. सुरुवातीला मूल थेट नावं घेतं: "किल्ली आहे का? कंगवा आहे का?" नशिबानं सापडली तर सापडली. घाई करू नका. तुमची पाळी आली की विचारा, "खायची वस्तू आहे का?" आणि उत्तर "नाही" आलं की लिंबू, टोमॅटो, केळं बाजूला सरकवा. मूल ते बघतं. काही दिवसांनी तेही असे प्रश्न विचारू लागतं. प्रत्येक प्रश्नानं बरोबर निम्म्या वस्तू कमी होतील असं जमवलं तर आठातली वस्तू तीन प्रश्नांत सापडते: आठाच्या चार, चाराच्या दोन, दोनाची एक. सोळा वस्तू ठेवल्या तर किती प्रश्न लागतील, हे आठ वर्षांच्या मुलाला आधी अंदाजानं सांगू द्या. फक्त एक प्रश्न वाढतो, हे कळल्यावर त्याला ते पटत नाही. मग करून बघतं.

नातवंडं दुबईत किंवा न्यू जर्सीत असतील तर हा खेळ व्हिडिओ कॉलवरही उत्तम चालतो. आजी इकडे ताट मांडते, नात तिकडून मराठीत प्रश्न विचारते. "जेवलीस का, शाळा कशी आहे" याच्यापुढे बोलायला दोघींना काहीतरी मिळतं.

पायरी 6: नियमांचे खेळ

सगळ्यात सोपा "चिमणी उड". सगळ्यांनी बोटं जमिनीवर टेकवायची. "चिमणी उड" म्हटलं की बोट वर, "म्हैस उड" म्हटल्यावर ज्याचं बोट उचललं गेलं तो बाद. हात थांबवणं आणि त्या क्षणी विचार करणं हे त्यातलं पहिलं शिक्षण. दुसरं शिक्षण भांडणात आहे. कोंबडी उडते का? थोडी उडते. शहामृग पक्षी आहे, पण उडत नाही. वटवाघूळ उडतं, पण पक्षी नाही. पतंग? विमान? खेळ थांबवून "उडणं म्हणजे काय धरायचं?" हे मुलांनाच ठरवू द्या. ठरल्यावर तो नियम सगळ्यांना लागू. "सगळे पक्षी उडतात" हे वाक्य एका शहामृगानं खोटं ठरतं, ही गोष्ट या खेळात मूल कायमची शिकतं.

पाचव्या वर्षापासून फुल्ली-गोळा. आधी मूल फक्त स्वतःची रांग बघतं. "मी आता कुठे लिहीन असं तुला वाटतं?" एवढा प्रश्न विचारत राहा, खेळी सुचवू नका. समोरच्याच्या जागी बसून विचार करायला इथे सुरुवात होते. दोघंही नीट खेळले की डाव बरोबरीत सुटतो, हे मुलाच्या लक्षात आलं की तो खेळ संपला. मग वाघ-बकरी घ्या, तिथे दोन्ही बाजूंचे नियम वेगळे असतात. बुद्धिबळ त्यानंतर, आणि तेही मूल मागेल तेव्हा.

सात-आठ वर्षांच्या मुलांसाठी काड्यांचा एक खेळ मी आवर्जून सुचवते. दहा काड्या मांडा. दोघांनी आळीपाळीनं एक किंवा दोन काड्या उचलायच्या. शेवटची काडी ज्याच्या हाती तो जिंकला. सात-आठ डाव नुसते खेळा. मग म्हणा, "दहा जास्त होतात. तीनच काड्या असतील आणि पाळी तुझी असेल, तर?" एक उचलली तर दोन उरतात, दुसरा त्या दोन्ही नेतो. दोन उचलल्या तर एक उरते, तीही दुसऱ्याची. म्हणजे समोर तीन आल्या की हार. मग चार असतील तर? एक उचलायची, समोरच्यापुढे तीन ठेवायच्या. असं शेवटाकडून मागे येत येत मूल स्वतः शोधतं, की समोरच्यापुढे तीन, सहा, नऊ ठेवायच्या. दहा काड्यांत पहिली पाळी असेल तर एक उचलून नऊ ठेवल्या की डाव आपला. हे गुपित कृपा करून सांगून टाकू नका. मुलाला ते शोधायला दोन महिने लागले तरी लागू द्या. शोधलं की ते सगळ्या मित्रांना हरवून येईल. मग नियम बदला: आता एक, दोन किंवा तीन काड्या उचलता येतील.

पायरी 7: आपलं बोलणं

कुठलाही खेळ न खेळता फक्त ही पायरी केली तरी बराच फरक पडेल.

प्रश्न विचारला की थांबा. अमेरिकी संशोधक मेरी बड रो यांनी वर्गांमध्ये नोंदी केल्या तेव्हा दिसलं, की शिक्षक प्रश्न विचारून सरासरी एखादा सेकंदच थांबतात. ही वेळ तीन सेकंदांवर नेली तर मुलांची उत्तरं लांब होतात आणि त्यात कारणं येऊ लागतात. तीन सेकंद मनात मोजून बघा, खूप मोठे वाटतात.

उत्तर चुकलं तर "चूक" म्हणण्याऐवजी त्या उत्तरात न बसणारी एखादी गोष्ट समोर ठेवा. मूल म्हणालं, "मोठी झाडं म्हातारी असतात." आजीच्या अंगणातली जुनी तुळस आणि दोन वर्षांत घराएवढा झालेला शेवगा, दोन्ही दाखवा. बाकी त्याच्यावर सोडा.

आपल्या सांगण्यालाही कारण जोडा. "गॅसला हात लावू नकोस" हे तातडीनं सांगायचंच, पण नंतर शांतपणे "का" तेही सांगायचं. "मी सांगते म्हणून" हे उत्तर ज्या घरात रोज मिळतं, तिथलं मूल कारण मागणं सोडून देतं. याची किंमत मोजावी लागते. कारणं मागायला शिकलेलं मूल तुमच्याकडेही मागेल. "काल टीव्ही अर्धा तास होता, आज का नाही?" त्याचं म्हणणं पटलं तर तसं मोकळेपणानं म्हणा आणि निर्णय बदला. नाही पटलं तर आपलं कारण सांगा.

आणि हे सगळं घरच्या भाषेत बोला. शाळा इंग्रजी माध्यमाची असली तरी "जर-तर", "म्हणून", "तरीसुद्धा", "नाहीतर" हे मूल ज्या भाषेत सहज वापरतं त्याच भाषेत त्याचं कारण शेवटपर्यंत पोचतं. अर्ध्या येणाऱ्या भाषेत मूल एका शब्दाचं उत्तर देतं.

किती वेळ, आणि काय टाळायचं

दिवसाला दहा मिनिटं पुष्कळ झाली, तीही चालत्या कामात. पहिल्या आठवड्यात फक्त "कशावरून?" आणि कपड्यांचे ढीग. मूल कंटाळलं की थांबा. प्रत्येक वाक्यानंतर "कशावरून?" आलं तर त्याची उलटतपासणी होते. दिवसातून दोन-तीनदा पुरे.

अनेक पालक चौथ्या-पाचव्या वर्षीच शिष्यवृत्तीच्या बुद्धिमत्ता चाचणीसारखे प्रश्नसंच आणून मुलाला बसवतात. "गटात न बसणारा शब्द ओळखा" हे छापील चार पर्यायांत सोडवणं आणि ओट्यावरच्या वस्तूंतून स्वतः गट करणं यांत खूप अंतर आहे. दुसरं पक्कं झालं की पहिलं योग्य वयात फारसा त्रास न होता जमतं. अ‍ॅबॅकसच्या वर्गानं तोंडी आकडेमोड वेगवान होते. मुलाला आवडत असेल तर खुशाल घाला, पण त्याला तर्काचं शिक्षण समजू नका. मोबाइलवरच्या कोड्यांच्या खेळांत मूल सगळी बटणं दाबून उत्तर शोधतं, आणि का बरोबर आलं हे त्याला कुणी विचारत नाही. दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला एक तासाहून जास्त स्क्रीन नको, असं जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 साली सांगितलं आहे.

घरात दोन मुलं असतील तर थोरलं उत्तर देऊन टाकतं आणि धाकटं गप्प होतं. थोरल्याला दुसरं काम द्या: उत्तर माहीत असलं तरी सांगायचं नाही, धाकट्याला खूण द्यायची. चांगली खूण देणं हे उत्तर देण्यापेक्षा अवघड असतं, त्यामुळे थोरल्याचाही वेळ फुकट जात नाही.

लाजाळू मूल "कशावरून?" ऐकून गप्प बसत असेल तर काही दिवस त्याला विचारूच नका, तुम्ही स्वतःबद्दल बोला. "मला वाटतंय पाऊस येणार. कशावरून? मुंग्या अंडी घेऊन चालल्यात आणि वारा थांबलाय. बघू या येतो का." पाऊस नाही आला तर तेही मोठ्यानं म्हणा. मात्र तीन वर्षं पूर्ण होऊनही "चेंडू उचल आणि बाबांना दे" अशी दोन भागांची साधी सूचना मुलाला समजत नसेल, किंवा हाक मारल्यावर ते वळत नसेल, तर खेळ बाजूला ठेवा आणि आधी बालरोगतज्ज्ञांना भेटून कान तपासून घ्या.